डाव्या कुशीतला व्रण

अंबडच्या माझ्या आत्याचा व्रण छातीच्या मध्यावर नव्हता, डाव्या कुशीतून पाठीकडे गेलेला होता. माझा शोध तिथून सुरू झाला. लहानपणच्या सांधेतापाने आवळलेली मिट्रल झडप डॉक्टर बरगड्यांमधून शिरून, धडधडत्या हृदयात बोट घालून मोकळी करत. १९२५मध्ये लंडनला हेन्री साउटर यांनी हे प्रथम केले. मुलगी वाचली, तरी सहकाऱ्यांनी दुसरा रुग्ण पाठवलाच नाही! १९४८मध्ये बेली, हार्केन, ब्रॉक यांनी वाट पुन्हा उघडली. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९५०च्या दशकात ती रुळवली. हार्ट-लंग मशीन लागत नसल्याने आपल्याकडे ती दीर्घकाळ टिकली. १९८४मध्ये जपानच्या इनोउए यांनी मांडीच्या शिरेतून फुगा नेण्याची रीत प्रसिद्ध केली. आत्याची झडप पुन्हा आवळली तेव्हा फुगा औरंगाबादेत पोचला होता. ती गेली नाही. म्हणाली, "एकदा काळजाला बोट लावून घेतलंय, पुरे."