मागणीपासून हक्कापर्यंत : एका पुरोगामी विचाराची वाटचाल

‘पुरोगामी’ हा शब्द आज सभासंमेलनांतून इतक्या सैलपणे वापरला जातो की, त्यामागे कधीकाळी एखादी नेमकी व टोचणारी मागणी होती याचे विस्मरण व्हावे. राजकीय विचार ग्रंथांत जन्मतो हे खरे. परंतु तो रुजला की नाही, हे राज्याच्या कायद्यात आणि शेजाऱ्याच्या दारात पाहावे लागते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची हकीकत या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तिचे एक महत्त्वाचे प्रकरण महाराष्ट्राबाहेर घडले असल्याने बृहन्महाराष्ट्रातील वाचकांस ती विशेष जिव्हाळ्याची वाटावी.

१८४८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा ते एका दांपत्याने अंगीकारलेले व्रत होते. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन करताना मात्र त्यांनी मूळ प्रश्नालाच हात घातला. सरकारी तिजोरी भरते ती शेतकऱ्याच्या श्रमातून. मग शिक्षणावरील खर्चाचा ओघ वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणाकडेच का? निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. विद्या वरून खाली आपोआप झिरपेल, या समजुतीला हे उघड आव्हान होते. उपकाराची भाषा मागे सरून न्यायाची भाषा पुढे आली, ती येथे. परंतु ब्रिटिश सरकारने ही सक्ती स्वीकारली नाही.

ती प्रत्यक्षात उतरली बडोदे संस्थानात. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबातून १८७५ साली दत्तक आलेल्या सयाजीराव गायकवाड यांनी १८८१ साली राज्याची सूत्रे हाती घेतली. ‘शेतकऱ्याचा असूड’ हा आपला ग्रंथ महाराजांनी आपल्याकडून वाचवून ऐकला, असे जोतीरावांनीच नमूद केले आहे. पुढचे सारे त्या एका वाचनातून उद्‌भवले, असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू झाला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात याच हेतूने विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्यापुढे होता. ते विधेयक १९१२ साली फेटाळले गेले.

मात्र कायदा झाला म्हणजे समाज बदलला, असे नव्हे. याच बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार १९१७ साली ते संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा त्यांना त्या शहरात राहावयास जागा मिळेना. नाव बदलून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. सार्वजनिक बागेत दिवस काढून त्यांनी मुंबईची गाडी धरली. ज्या राज्याने विद्वान घडविला, त्या राज्यातील माणसांनी त्याला छप्पर नाकारले. पुढे १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी जे केले ती विनवणी नव्हती. तो हक्काचा वापर होता.

१९५० साली अमलात आलेल्या संविधानाने चौदा वर्षांपर्यंतच्या बालकांचे मोफत व सक्तीचे शिक्षण राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत घातले. मूलभूत हक्काचे स्थान त्यास २००२ सालच्या घटनादुरुस्तीने दिले आणि तदनुषंगिक कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. जोतीरावांच्या निवेदनापासून तोवर १२८ वर्षे लोटली होती.

शाळेचे दार असे कायद्याने उघडले. घराचे दार उघडणे मात्र तुमच्याआमच्या हाती राहिले. पोटापाण्यासाठी परप्रांतात आलेल्या आपल्या वाडवडिलांनाही प्रथम शोधावे लागले ते बिऱ्हाडच, आणि कोणीतरी ते दिले म्हणून आपण येथे रुजलो. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगलप्रसंगी बडोद्याच्या त्या बागेत बसलेल्या तरुणाचे स्मरण ठेवावे, आणि आपल्या दाराशी जागा विचारीत येणाऱ्याला आपण प्रथम काय विचारतो, हे प्रत्येकाने तपासून पाहावे.