बाटलीतलं फर्न आणि बाल्कनीतली कुंडी

मागच्या व्याख्यानात आपण वाड्यांमधली परसबाग पाहिली. आज आत यायचं, घरात. खिडकीच्या कट्ट्यावर, बाल्कनीत, टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ज्या कुंड्या असतात, त्यांचा इतिहास बघायचा.

एका साध्या हजेरीने सुरुवात करू. दादरच्या किंवा कोथरूडच्या कुठल्याही बाल्कनीत काय असतं? तुळस असते, ती आपली. बाकी बघा. सदाफुली मादागास्करची. बोगनवेल ब्राझीलची. जेड दक्षिण आफ्रिकेतलं, स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतलं. आणि मनी प्लांट, जो चोरून आणला तरच लागतो असं आपल्याकडे हमखास सांगतात, तो मूळचा पॅसिफिक महासागरातल्या मोऑरिया नावाच्या एका चिमुकल्या बेटावरचा. त्याला फूल जवळजवळ येतच नाही, त्यामुळे जगभर तो फांद्या तोडून, पाण्यात ठेवूनच पसरला. चोरीची ही परंपरा वनस्पतिशास्त्राला धरूनच आहे म्हणायची!

तर ही सगळी मंडळी इथवर आली कशी?

यात दोन गट पाडावे लागतात. पहिला गट जुना. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू, निशिगंध, पांढरा चाफा, मिरची, ही सगळी अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकापासून, बरीचशी पोर्तुगीजांच्या जहाजांतून, ती पूर्वेकडे येत राहिली. पण त्यांचं रूप लक्षात घ्या. झेंडू आणि मिरची यांचं बी असतं. निशिगंधाचा कंद असतो. चाफ्याची फांदी तोडून कोपऱ्यात टाकली तरी ती महिनोन्‌महिने मरत नाही. म्हणजे झोपलेल्या अवस्थेत प्रवास करू शकणारीच झाडं तेव्हा समुद्र ओलांडत होती. ज्यांचं बी टिकत नाही, ज्यांची पानं कोवळी, त्यांना जिवंतच न्यावं लागे, आणि तिथे सगळं अडायचं.

डेकवर ठेवलं तर खारा तुषार पानं जाळायचा. खाली ठेवलं तर उजेड नाही. आणि गोडं पाणी? खलाशांनाच मोजून मिळायचं, तिथे झाडांना कोण देणार? मकावमध्ये राहणारे लिव्हिंगस्टन नावाचे एक डॉक्टर होते. चीनहून इंग्लंडला पाठवलेल्या हजार झाडांमागे एक जगतं, असा अंदाज त्यांनी १८१९ मध्ये कळवला होता. हजारात एक!

आता लंडनला जाऊ. शहराच्या पूर्वेला, गोदीजवळच्या वस्तीत नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड नावाचे डॉक्टर राहत. झाडांचं प्रचंड वेड. घरामागे दगड रचून त्यांनी फर्न लावायचा प्रयत्न केला (पाठ्यपुस्तकात आपण यांना नेचे म्हणायचो), पण आजूबाजूच्या कारखान्यांचा कोळशाचा धूर इतका, की सगळी मेली. १८२९ मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीत पुरून रुंद तोंडाच्या बाटलीत ठेवला आणि झाकण लावलं. त्यांना पतंग बाहेर पडताना बघायचा होता. रोज बघताना त्यांच्या लक्षात आलं, की दिवसा उष्णतेने मातीतली वाफ वर जाते, काचेवर थेंब जमतात आणि ते पुन्हा मातीत उतरतात. मग काही दिवसांनी मातीतून दोन हिरवे कोंब आले. एक गवत होतं आणि एक फर्न. जे बाहेर कष्ट करून जगलं नाही, ते बाटलीत आपोआप उगवलं.

वॉर्डसाहेबांनी बाटली खिडकीबाहेर ठेवली. जवळजवळ चार वर्षं दोन्ही झाडं जगली, पाण्याचा एक थेंब न घालता. शेवटी ती मेली कशाने? झाकण गंजलं आणि पावसाचं पाणी आत गेलं. हा तपशील बहुतेक ठिकाणी ओझरता येतो. आमच्या मते तो या गोष्टीतला सगळ्यात कामाचा भाग आहे. आपण त्याच्याकडे परत येऊ.

मग त्यांनी लाकडाच्या चौकटीच्या काचपेट्या करून घेतल्या. १८३३ मध्ये अशा दोन पेट्या फर्न, शेवाळ, गवत भरून सिडनीला रवाना झाल्या. कित्येक महिन्यांनी पोचल्या, झाडं टवटवीत. खरी परीक्षा परतीची होती. फेब्रुवारी १८३४ मध्ये पेट्यांत ऑस्ट्रेलियातली झाडं भरली. वाटेत केप हॉर्नजवळ डेकवर बर्फ साचलं, विषुववृत्तावर अंग भाजणारं ऊन. सुमारे आठ महिन्यांच्या त्या प्रवासात एकदाही पाणी घातलं नाही, तरी झाडं लंडनला जिवंत उतरली. पुढे ही पेटी 'वॉर्डची पेटी' म्हणूनच ओळखली गेली.

तिचं एक रूप दिवाणखान्यात गेलं. १८४५ मध्ये इंग्लंडमधला काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली, आणि मध्यमवर्गीयांच्या घरात फर्नच्या पेट्या आल्या. गॅसच्या दिव्यांनी कोंदटलेल्या त्या खोल्यांत पेटीबाहेर टिकणारं झाड म्हणजे अ‍ॅस्पिडिस्ट्रा. दिसायला सुमार, पण मरायला तयार नाही! 'घरातलं झाड' या कल्पनेला आजचा आकार या काळात आला. हौसेचा अतिरेकही झाला. किलार्नी फर्नसारखी दुर्मिळ जात लोकांनी रानातून उपटून जवळपास संपवली.

दुसरं रूप जहाजावर राहिलं, आणि त्याचा हिशेब फार मोठा आहे. ईस्ट इंडिया कंपनीसाठी रॉबर्ट फॉर्च्यून याने १८४८ ते १८५१ या काळात चीनमधून चहाची हजारो रोपं हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांसाठी आणली, ती याच पेट्यांतून. चहाचं बी प्रवासात मरतं, म्हणून त्याने ते पेटीतल्या मातीतच पेरलं. वाटेतच ते उगवलं. सिंकोना दक्षिण अमेरिकेतून निलगिरीत आली. १८७६ मध्ये ब्राझीलमधून रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू बागेत नेल्या, आणि उगवलेली रोपं पेट्यांतून सिलोनला गेली. आसामात चहाची स्थानिक जात होती आणि पुढे तीच वरचढ ठरली, हे खरं. पण चहाचे मळे वाढले तसे छोटा नागपूरचे आदिवासी करारावर तिकडे नेले गेले, आणि मळा सोडून जाणं हा त्यांच्यासाठी गुन्हा ठरला. फर्न सांभाळणारी पेटी आणि मळे उभे करणारी पेटी एकच होती. वॉर्ड भला माणूस होता, त्याने पेटीवर पेटंटसुद्धा घेतलं नाही, पण हे बाजूला ठेवून त्या पेटीचं कौतुक करणं आम्हाला जमत नाही.

आता गंजलेल्या झाकणाकडे येऊ. आपल्याकडे कुंडीतली झाडं दुर्लक्षाने जितकी मरतात, त्याहून जास्त पाण्याने मरतात. मुळांना हवा लागते. माती सतत ओली राहिली की मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि मुळं कुजतात. मग पानं मलूल होतात, आणि आपल्याला वाटतं तहान लागली, म्हणून आणखी एक तांब्या! तेव्हा आधी मातीत बोट घाला. दोन पेरं आत कोरडं लागलं तर पाणी. कुंडीला खाली भोक हवंच, आणि बशीत साठलेलं पाणी फेकून द्यायचं.

त्यापलीकडे, झाड कुठलं हे विचारा. जेड कोरड्या डोंगरउतारांवरचं, पानात पाणी साठवणारं. झेडझेड प्लांट पूर्व आफ्रिकेतला, मातीखाली गड्डे असलेला. मुंबईच्या पावसाळ्यात त्याला तीन आठवडे विसरलात तरी चालेल. फर्न मात्र सावलीतलं, त्याची माती पूर्ण वाळू द्यायची नाही. हल्ली भेट म्हणून बंद काचेत निवडुंग देतात, ते आम्हाला अजिबात पटत नाही. वॉर्डची बाटली धुराच्या, कोरड्या हवेच्या लंडनसाठी होती. कोकणातल्या दमट हवेत बंद काचेतला निवडुंग कुजणारच. नागपूरच्या उन्हाळ्यात फर्नसाठी ती काच उपयोगी पडेल, पण थेट उन्हात ठेवलीत तर तिची भट्टी होते.

आपल्या भागातही या देवाणघेवाणीचं एक ठाणं होतं. पुण्याजवळ दापोडीला १८२८ मध्ये मुंबई इलाख्याची सरकारी वनस्पती बाग सुरू झाली. अलेक्झांडर गिब्सन तिचे अधीक्षक होते. त्यांनी तिथल्या झाडांची चित्रं एका पोर्तुगीज वंशाच्या भारतीय चित्रकाराकडून काढून घेतली. ती आज एडिंबरोत जपलेली आहेत, चित्रकाराचं नाव मात्र कुठे नोंदलेलं नाही. पुढचं व्याख्यान त्या चित्रांवर आणि ती बाग राखणाऱ्या माळ्यांवर असेल. आता प्रश्न घेऊ.