पादपाचें मुख

संस्कृतांत वृक्षाला पादप म्हणतात. पायांनीं पितो तो पादप. मुळें पाणी पितात हें निरीक्षण त्या एका शब्दांत आलें आहे, आणि तें यथार्थ आहे. परंतु पिणें निराळें आणि जेवणें निराळें. वृक्ष कोणत्या अवयवानें जेवतो, या प्रश्नानें युरोपांतील पंडितांना दोन हजार वर्षें चकविलें. अॅरिस्टॉटलच्या मतें मूळ हेंच वनस्पतीचें मुख आणि भूमि हेंच तिचें जठर. पानें असावयाचीं तीं फळांवर छाया धरण्यासाठीं. परीक्षेच्या कागदांत ‘झाड मुळांवाटे अन्न घेतें’ हें वाक्य मीं इतक्या वेळां वाचलें आहे कीं, अॅरिस्टॉटल अद्याप आमच्या वर्गांत बसतो असें वाटतें.

सतराव्या शतकांत ब्रुसेल्सच्या व्हॅन हेल्मॉन्टनें हा प्रश्न तराजूवर घातला. भट्टींत वाळविलेली २०० पौंड माती त्यानें कुंडींत भरली, तींत ५ पौंडांचें वाळुंजाचें रोप लावलें आणि पांच वर्षें केवळ पाणी घातलें. धूळ पडूं नये म्हणून वर भोकें पाडलेलें पत्र्याचें झांकण! शेवटीं झाड १६९ पौंड ३ औंस भरलें. माती सुमारें २ औंसच घटली. अर्थात् सारें लाकूड पाण्याचेंच झालें, असा निर्णय त्यानें दिला. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनीं, १६४८ सालीं, ही हकीकत छापली गेली. तींत एक गोष्ट तो जातां जातां सांगतो : चार शरद ऋतूंत गळलेलीं पानें आपण वजनांत धरलीं नाहींत. ज्या अवयवानें तें झाड घडविलें, तोच हिशेबाबाहेर राहिला. याहून चमत्कारिक हें कीं, ‘गॅस’ हा शब्द घडविणारा हाच पुरुष. ६२ पौंड कोळसा जाळला तर १ पौंड राख उरते, बाकीचा अदृश्य वायु होऊन जातो, हें त्याला ठाऊक होतें. तोच वायु वाळुंजाच्या पानांत शिरून लाकूड झाला होता, हें मात्र त्याच्या ध्यानीं आलें नाहीं. चुकला खरा; परंतु आंकडे मागें ठेवून चुकला, म्हणूनच पुढच्यांना त्याच्याशीं भांडतां आलें.

फुलाचें कोडें त्यामानानें लवकर सुटलें. परागावांचून बीज धरत नाहीं, हें कामेरारियसनें १६९४ मध्यें दाखविलें. खोडांतून रस वर कां चढतो, याचा उलगडा स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकानें १७२७ च्या ग्रंथांत केला : पानांतून पाणी वाफ होऊन उडतें, आणि ती ओढ खालपर्यंत पोंचते. पानें हवेंतूनही कांहीं घेत असावींत, अशी शंका त्याला आली होती.

पुढें १७७१ मध्यें प्रीस्टलेनें, ज्या कोंडलेल्या हवेंत मेणबत्ती विझली होती तींत पुदिन्याची डहाळी ठेवली. कांहीं दिवसांनीं त्याच हवेंत मेणबत्ती पुन्हां जळूं लागली. पण प्रयोग कधीं साधे, कधीं फसे. यान इंगेनहाउस या डच वैद्यानें १७७९ मध्यें त्याचें कारण सांगितलें. हवा सुधारतात तीं झाडाचीं हिरवीं अंगें, मुख्यतः पानें, आणि तींही उजेडांतच. त्यासाठीं पानांना कर्बाम्ल वायु, म्हणजे आपण उच्छ्वासावाटे टाकतों तोच, लागतो हें जिनीव्हाच्या सेनेबिएनें दाखविलें. त्याच नगरींतल्या सोस्यूरनें १८०४ मध्यें वजनें करून सिद्ध केलें कीं, वनस्पतीच्या वाढींत त्या वायूबरोबर पाण्याचाही वांटा आहे. आणि मुळांवाटे येणारे मातींतले क्षार, थोडे असले तरी, तिला अवश्य आहेत. हेल्मॉन्टनें सोडून दिलेले ते २ औंस असे दीडशें वर्षांनीं हिशेबांत आले.