बिदागी ते गल्ला

विष्णुदास भावे म्हटले की १८४३ सालचे सांगलीतले ‘सीतास्वयंवर’ आठवते. मला मात्र त्यापुढची पैशाची गोष्ट महत्त्वाची वाटते. १८५१ साली चिंतामणराव पटवर्धन गेले, राजाश्रय सुटला. मंडळी गावोगाव फिरू लागली. १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडला तिकीट लावून खेळ झाले. बिदागी गेली, गल्ला आला. गल्ल्यापाठोपाठ हिशेबाची वही आलीच!

१८६० साली इंग्रजांनी प्राप्तिकर बसवला, वर्षाला २०० रुपयांपासून पुढच्या मिळकतीवर. सातारा १८४८ मध्येच खालसा झालेला, म्हणून तिथल्याला कर. सांगली संस्थानात, तिथे हा कायदा नाही. कृष्णामाई मात्र दोन्हीकडे तीच. असो.

आता कायदा एकच. ठरावीक रकमेपुढच्या मानधनातून कर आधीच कापतात, तेव्हा लिहिणाऱ्यांनो, कापल्याचा दाखला मागून घ्या आणि टपाल-प्रवासाच्या पावत्या जपा.