शहराचे नाव बदलले, कृमीचे नाही

छत्रपती संभाजीनगरपासून समुद्र सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. तरीही समुद्रातल्या पाकट माशाच्या आतड्यात राहणाऱ्या एका पट्टकृमीला या शहराचे जुने नाव मिळाले आहे: टेट्रागोनोसेफालम औरंगाबादेन्सिस. येथील मराठवाडा विद्यापीठातील शिंदे आणि जाधव या प्राणिशास्त्रज्ञांनी १९९० साली या जातीचे वर्णन केले.

या प्रजातीची कहाणी मोत्यांपासून सुरू होते. विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीलंकेत मोत्यांच्या कालवांची पाहणी चालू होती. कालवात शिरलेल्या पट्टकृमीच्या अळीभोवतीच मोती तयार होतो, असे तेव्हा वाटे. ही कल्पना पुढे मागे पडली. पण अळीचा प्रौढ कृमी शोधताना कालवे खाणाऱ्या पाकटांची आतडी तपासली गेली. शिप्ले व हॉर्नेल यांनी १९०५ मध्ये ही प्रजाती मांडली. तिच्या नावाचा अर्थ 'चौकोनी डोक्याचा'.

जात नवी आहे हे कसे ठरते? कृमी फॉर्मॅलिनमध्ये ठेवून, रंगवून काचपट्टीवर बसवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली डोक्यावरची चूषके, प्रत्येक खंडातील वृषणांची संख्या, अंडाशयाचा आकार पाहून ज्ञात जातींशी ताडतात.

खरी मेख इथेच आहे. मरताना आकसलेला कृमी आखूड दिसतो. कोवळा खंड पक्व खंडासारखा नसतो. मीही एकदा एकाच कृमीवरून 'नवी जात' म्हणून हरखलो होतो. दुसऱ्या माशातले दहा कृमी शेजारी मांडले, आणि वृषणांच्या संख्येतली दरी भरून निघाली! जात जुनीच होती.

म्हणून वर्णनाइतकाच मूळ नमुना महत्त्वाचा. तो हाती नसेल, तर पुढच्या अभ्यासकाने शंका कशी फेडावी? प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेने १ जानेवारी २००० पासून, नव्या जातीचा मूळ नमुना कोणता आणि तो कोणत्या संग्रहात ठेवणार, हे लिहिणे बंधनकारक केले.

२०२३ मध्ये शहराचे नाव बदलले. कृमीचे त्यामुळे बदलत नाही. मात्र उद्या दोन जाती एकच ठरल्या, तर आधी दिलेले नाव राहते. तो निवाडा काचपट्टीच करील.

वर्गात एकाच कडुलिंबाची वीस पाने आणा. विद्यार्थ्यांना प्रत्येकाच्या पर्णिका मोजू द्या. मग विचारा: फक्त दोनच पाने मिळाली असती, तर झाडे किती म्हटली असती?