ब्लॅकबेरीची किल्ली

'सुरक्षा' हा शब्द आपण प्रशासनात किती सैलपणे वापरतो, याचे ब्लॅकबेरी प्रकरणाइतके बोलके उदाहरण मला दुसरे आढळलेले नाही.

कॅनडातील रिसर्च इन मोशन या कंपनीचा हा फोन २००४ साली भारतात आला. कंपन्यांचा अंतर्गत पत्रव्यवहार तोवर बहुतांशी कचेरीच्या भिंतींआड असे. तो अधिकाऱ्याच्या खिशात गेला आणि फोन टॅक्सीत विसरला, तर काय? ब्लॅकबेरीने याचे चोख उत्तर दिले होते. कंपनीने आपल्याच आवारात एक सर्व्हर बसवायचा. तेथून फोनपर्यंत सर्व मजकूर सांकेतिक रूपात जाई आणि तो उलगडण्याची किल्ली केवळ त्या कंपनीकडेच राही. हरवलेला फोन कचेरीत बसून कोरा करता येई. व्यवस्थापकांना याहून अधिक काय हवे होते?

नेमके हेच गृह मंत्रालयाला खुपले. १८८५ च्या तार कायद्याच्या कलम ५(२) नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी संदेश अडवून वाचण्याचा अधिकार शासनाला होता; परंतु येथे अडवलेला संदेश वाचताच येत नव्हता. २००८ मध्ये वाद सुरू झाला, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातील मुंबईवरील हल्ल्याने त्याला धार आली आणि ऑगस्ट २०१० मध्ये सरकारने ३१ तारखेची मुदत घातली. ती पुढे साठ दिवसांनी वाढली. निरोपांच्या मेसेंजर सेवेबाबत कंपनी नमली. कंपन्यांच्या ईमेलबाबत मात्र तिचे उत्तर अखेरपर्यंत एकच राहिले: किल्ली आमच्याकडे नाहीच.

हे उत्तर मला टाळाटाळीचे वाटत नाही. ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला मुदती देण्यापेक्षा, ज्या कंपनीच्या आवारात सर्व्हर आहे तिच्या दारी कायदेशीर आदेश घेऊन जाणे अधिक सयुक्तिक होते. सर्व्हर परदेशात असल्यास हा मार्ग खुंटतो, हेही खरे. मंत्रालयाची अडचण अगदीच काल्पनिक नव्हती.

दरम्यान कंपन्यांच्या हातूनही किल्ली निसटत होती. २००७ मध्ये आयफोन आणि २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला. कर्मचारी स्वतःचेच फोन कचेरीच्या जाळ्याला जोडू लागले. फोन खरेदीचा खर्च वाचला, तो ताळेबंदात दिसला. त्याच फोनवर मुलांचे खेळ, अनोळखी ॲप्स आणि कंपनीच्या निविदा एकत्र नांदू लागल्या. ती जोखीम कोणत्याच रकान्यात बसत नव्हती. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवे काही नाही. हरवलेला फोन कोरा करावा, तर त्यात कर्मचाऱ्याची घरगुती छायाचित्रेही जाणार. तेव्हा तो अधिकार कोणाचा, हा तंटा प्रत्येक कचेरीला नव्याने सोडवावा लागला.

जुन्या ब्लॅकबेरी फोनची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाली. तत्पूर्वीच, मे २०२१ मध्ये, संदेशाचा मूळ प्रेषक शोधून देण्याच्या नियमाविरुद्ध व्हॉट्सॲपने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली होती.