उधारीची वही आणि गाडीचा विमा

१८९९ साली अटलांटा शहरात केटर आणि गाय वुलफर्ड हे दोन भाऊ दुकानोदुकानी जाऊन एकच चौकशी करू लागले: कोणतं गिऱ्हाईक उधारी कशी फेडतं? मिळालेली माहिती त्यांनी पुस्तिकेत छापली आणि दुकानदारांनाच विकली. प्रत्येक नावापुढे शेरा असे: ‘वेळेवर’, ‘सावकाश’ किंवा ‘रोखीनेच द्यावे’. त्यांची रिटेल क्रेडिट कंपनी म्हणजे आजची इक्विफॅक्स. अमेरिकेतल्या वीस वर्षांच्या पोराला गाडीच्या विम्याचा हप्ता किती पडणार, हे ठरवणाऱ्या आकड्याची पाळंमुळं या पुस्तिकेपर्यंत जातात.

वुलफर्ड बंधूंना लवकरच दुकानदारांहून मोठं गिऱ्हाईक मिळालं, विमा कंपन्या. त्यांना उधारीच्या नोंदी पुरत नव्हत्या, माणसाची सगळी कुंडलीच हवी होती. तो पितो का, घर कसं ठेवतो, शेजारीपाजारी त्याच्याबद्दल काय बोलतात? या धंद्यात मग इतर चौकशी कंपन्याही उतरल्या.

१९७१ साली वॉशिंग्टनहून सेंट लुईसला गेलेल्या एका पत्रकाराने गाडीचा विमा काढला. चौकशी कंपनीचा माणूस त्याच्या जुन्या गल्लीत गेला, चार शेजाऱ्यांशी बोलला आणि त्यांतल्या एकाच्या सांगण्यावरून अहवाल लिहून मोकळा झाला: हा हिप्पी छापाचा आहे, केस खांद्यापर्यंत वाढवलेत, मोर्च्यांना जातो, नशापाणी करत असावा. विमा रद्द होण्याची वेळ आली. पत्रकार कोर्टात गेला आणि १९७४ मध्ये त्याला भरपाई मिळाली.

तो लढू शकला, कारण फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट हा १९७० चा कायदा नुकताच लागू झाला होता. आपल्याबद्दल काय लिहून ठेवलंय हे जाणण्याचा आणि चुकीचा मजकूर दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्याने दिला. मात्र विम्यासाठी पत-अहवाल मागवायला त्याच कायद्याने स्पष्ट मुभाही दिली.

शेजाऱ्याच्या जागी आता गणित आलं. अभियंता बिल फेअर आणि गणितज्ञ अर्ल आयझॅक यांनी १९५६ मध्ये काढलेल्या कंपनीने १९८९ मध्ये सर्वसाधारण वापराचा फायको हा पत-स्कोअर आणला आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला विम्यासाठी वेगळा स्कोअर तयार केला. कर्जाचा स्कोअर विचारतो, हा पैसे फेडेल का? विम्याचा स्कोअर विचारतो, याच्यापायी आम्हाला किती दावे भरावे लागतील? पगार त्यात धरत नाहीत. फायकोच्या मांडणीत हप्ते वेळेवर भरण्याला सुमारे ४० टक्के, डोक्यावरच्या कर्जाला ३० आणि पत-इतिहास किती जुना आहे याला १५ टक्के वजन असतं.

आकडा पोकळ नाही. २००७ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने गाडीच्या विम्याचा अभ्यास केला, तेव्हा कमी स्कोअर आणि जास्त दावे यांचा मेळ बसला. तसं का होतं, याचं पक्कं उत्तर मात्र कमिशनलाही देता आलं नाही. कमी स्कोअरच्या गटात कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोक प्रमाणाबाहेर आहेत, हेही त्याच अहवालात नोंदलं गेलं. २०१५ मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने दरांची तुलना केली. फ्लोरिडात पत खराब पण ड्रायव्हिंगची नोंद निष्कलंक असलेल्याला वर्षाला सरासरी ३,८२६ डॉलर पडत होते. पत उत्तम पण दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झालेल्याला २,२७४. रस्त्यावर धोकादायक कोण, हे शाळकरी मूलही सांगेल.

तरुणांची अडचण आणखी मुळातली आहे. ग्राहक वित्त संरक्षण विभागाच्या २०१५ च्या अभ्यासानुसार १८-१९ वर्षांच्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांची पतनोंद एक तर नव्हतीच, नाहीतर स्कोअर निघण्याइतकी नव्हती. त्यात २००९ च्या कायद्यानुसार एकविसाच्या आत स्वतःची कमाई दाखवल्याशिवाय किंवा कोणी हमी घेतल्याशिवाय क्रेडिट कार्ड मिळत नाही. इतिहासाच्या लांबीचं १५ टक्के वजन एकोणीस वर्षांच्या पोराने कितीही शिस्त पाळली तरी त्याच्या पदरात पडणार कसं? म्हणून अनेक आईबाप मुलाला आपल्याच विम्यात ठेवतात, आपल्या कार्डावर त्याचं नाव घालतात. ज्याच्या आईबापांचीच पत पडलेली, त्याला तीही सोय नाही. पुण्याहून शिकायला गेलेल्या मुलीचा सिबिल स्कोअरही तिच्यामागून आपोआप तिकडच्या ब्यूरोच्या नोंदीत जात नाही.

राज्यांच्या आमदारांच्या विमाविषयक संघटनेने २००२ मध्ये नमुना कायदा केला. कोऱ्या नोंदीला तटस्थ मानावं, असं त्यात होतं. पण नोंद नसण्याचा जोखमीशी संबंध विमा आयुक्तांना दाखवून देणाऱ्या कंपनीला वेगळी वाटही ठेवली. वॉशिंग्टन राज्याच्या आयुक्तांनी विम्यासाठी पत पाहण्यावर थेट बंदीच घालायचा प्रयत्न केला, तो २०२२ मध्ये कोर्टाने मोडून काढला.

हवाई आणि मॅसॅच्युसेट्समध्ये गाडीच्या विम्यासाठी पत पाहता येत नाही. कॅलिफोर्नियात १९८८ च्या जनमताने प्रपोझिशन १०३ मंजूर झालं आणि हप्ता ठरवताना पाहायच्या गोष्टींचा क्रमच कायद्यात आला: आधी ड्रायव्हिंगची नोंद, मग वर्षाला किती मैल गाडी चालते, मग किती वर्षांचा अनुभव. नवशिक्याला तिथेही जास्तच हप्ता पडतो. पण तो अनुभव कमी म्हणून, आणि अपघात न करता गाडी चालवली की दरवर्षी ती उणीव भरून निघते.